हिवाळ्यात तिथे कोण राहणार

“गंजलेल्या पत्र्याची गोष्ट कुणी काढली? मी काढली?” अदिलेत बापावर उखडला होता. “म्हातारी कसलीही खळखळ न करता घर द्यायला निघाली होती, पापा. तुम्ही शेडवर चढून बसलात.”

“चढलो म्हणजे बघितलं. घर घ्यायचं तर छपराकडे बघायचंसुद्धा नाही?” शार्शेननं विचारलं. “आणि तू काय कमी केलंस? घरचं माणूस समोर बसलेलं असताना टेप घेऊन भिंती मोजत फिरलास. प्रेताचं माप घेतात तसा.”

“बास करा ना दोघं,” अदिलेतची बायको मीरिम म्हणाली. “तिला दुसरं गिऱ्हाईक मिळालं असेल. अल्माटीचं वगैरे. त्यांना काय, हवं ते देतात.”

ओट्याशी उभी राहून अदिलेतची आई बुरुल लगमानच्या लांब शेवयांची कणीक ओढत होती. पाठमोरी असली तरी स्वयंपाकघर इतकं लहान होतं, की मागे टेबलाशी बसलेल्या तिघांचे श्वाससुद्धा तिला मोजता आले असते. दुपारी कराकोलहून तुर्दुकान म्हातारीचा फोन आला होता. घर विकायचं नाही, तुमची वाट उजळ असो, एवढं बोलून तिनं फोन ठेवला. तेव्हापासून हे तिघं एकमेकांच्या अंगावर चूक ढकलत होते. पत्र्याची, टेपची, मीरिमनं दारात न काढलेल्या बुटांची, नातीनं अंगणात मोडलेल्या सफरचंदाच्या फांदीची. सगळ्या चुका मोजून झाल्या तरी खरी चूक कुणाच्याच हाताला लागत नव्हती.

बुरुलला ती ठाऊक होती. म्हातारीच्या टेबलाशी, ती घडतानाच तिनं पाहिली होती. कणकेच्या दोरीचा पीळ घालून तिनं ती ओट्यावर आपटली आणि पुन्हा ओढली.

बुरुलचा जन्म आत-बाशीचा. तिथला हिवाळा म्हणजे थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठायची, असं तिचा बाप म्हणायचा. थोरली मुलगी असल्यामुळे चूल तिच्या गळ्यात पडली ती कळत्या वयापासून. उन्हाळाभर गोवऱ्या थापायच्या, वाळवायच्या, भिंतीलगत रचायच्या आणि हिवाळाभर त्या जाळायच्या. सगळं घर पांघरुणात असताना उठायचं, कालची राख काढायची, थंडीनं हुळहुळणाऱ्या बोटांनी काडी पेटवायची. विसाव्या वर्षी लग्न होऊन कोचकोरला आली. तिथे गोवऱ्यांच्या जागी कोळसा आला, आईच्या जागी सासू आली, उठायची वेळ तेवढी तीच राहिली. सून उठून चूल पेटवत नाही तोवर त्या घरात कुणी डोळे उघडत नसे. सासरा तर जागा असूनही घोरत पडायचा.

मग शार्शेनला शहरात बस चालवायची नोकरी लागली आणि मायक्रोरायोनमध्ये, एकसारख्या इमारतींच्या वस्तीत, चौथ्या मजल्यावर, हा दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला. पहिल्या हिवाळ्यातली एक सकाळ बुरुलच्या अजून लक्षात होती. सवयीनं ती अंधारात उठली. राखेची बादली शोधत अनवाणी उभी राहिली आणि तिला आठवलं, की इथे राखच नाही. खिडकीखालच्या लोखंडी रेडिएटरवर तिनं हात ठेवला. तो गरम होता. कुणीही न उठता, कुणीही न वाकता गरम होता. ती परत अंथरुणात शिरली आणि उजाडेपर्यंत नुसती पडून राहिली. शार्शेननं विचारलं, बरं नाही का. ती म्हणाली, बरं आहे.

त्यानंतर तिनं बालवाडीच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली. शेकडो पोरांची खीर ढवळली, दोन खोल्यांत मुलगा वाढवला, त्याचं लग्न केलं, आतली खोली मुला-सुनेला दिली. ती आणि शार्शेन बाहेरच्या खोलीत रात्री गाद्या घालायचे, सकाळी गुंडाळून कोपऱ्यात रचायचे. आता या शरद ऋतूत तिला पेन्शन सुरू झाली. बालवाडीतल्या बायकांनी तिला निरोपाला रुमाल बांधला, गाणी म्हटली, आणि आता काय करणार म्हणून विचारलं. बसणार, असं तिनं सांगितलं. सगळ्या हसल्या. तिनं ते विनोदानं म्हटलेलं नव्हतं.

डोंगराचं वेड अदिलेतनं ऑफिसातून आणलं होतं. त्याच्या बरोबरची पोरं हिवाळ्यात दर शनिवार-रविवारी स्की घेऊन कुठे ना कुठे जायची. हा एकदा कराकोलला गेला, पडला, धडपडला, मनगट मुरगाळून घरी आला आणि पुढच्याच आठवड्यात पुन्हा गेला. मग मीरिम जायला लागली, मग त्यांची आठ वर्षांची आयपेरी. दर हिवाळ्यात कुणाच्या तरी घरी खोली भाड्यानं घ्यायची, बाथरूमसाठी परक्यांच्या मागे रांग लावायची. त्यापेक्षा आपलंच एखादं घर का नको, असं निघालं. कोचकोरची सासऱ्यांची जमीन नुकतीच विकली होती, पैसे हाताशी होते. बर्फाच्या डोंगराकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावर, गावाच्या वरच्या टोकाला तुर्दुकान म्हातारीचं चार खोल्यांचं लाकडी घर होतं. निळ्या झडपांच्या खिडक्या, अंगणात सफरचंदं, आणि अंगणात उभं राहून मान वर केली की थेट रोपवेचे पाळणे दिसायचे.

एका रविवारी सगळे मिळून घर बघायला गेले तेव्हा ते बुरुललाही आवडलं होतं. आवडण्यासारखंच होतं. आत मधोमध, चारही खोल्यांना पाठ लावून, पांढरी सारवलेली मोठी कोळशाची चूल होती. मीरिमनं तिच्यावर गाल टेकवला आणि म्हणाली, “किती छान ऊब आहे ना, जिवंत वाटते.” अदिलेतनं चुलीचा फोटो काढला. आयपेरीला आत कोळसा टाकून बघायचा होता. बुरुलनं बघितलं ते चुलीच्या पायथ्याशी असलेलं बादलीचं काळं तोंड, फावडं, आणि म्हातारीच्या उजव्या हाताची अंगठ्याशी चिरलेली, काळी पडलेली कातडी.

तुर्दुकाननं टेबल मांडलं होतं. तळलेल्या कणकेचे बोरसोक, साय, सफरचंदाचा मुरंबा, काततामाच्या पदर सुटणाऱ्या पोळ्यांची चळत. घरात दुसरं बाईमाणूस नाही हे पाहून मीरिमनं चहाची किटली आपल्याकडे ओढून घेतली. रीतच होती ती. टेबलाशी जी सगळ्यांत धाकटी सून असेल तिनं ओतायचं, मग घर कुणाचंही असो. मीरिम ओतत होती, बोलत होती, मांडीवरच्या फोनवर तिच्या नोकरीच्या बँकेतून आलेले निरोपही बघत होती.

मग तुर्दुकाननं विचारलं, “हिवाळ्यात इथे कोण राहणार? बंद घर सोसत नाही इथलं. रात्रीत नळ फुटतात.”

“आमची आपा आहे ना,” अदिलेत आईकडे बोट दाखवून पटकन म्हणाला. “तिची नोकरी संपली आता. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ती राहील. तिला चुलीची सवय आहे, लहानपणापासूनची.”

“हवा चांगली आहे इथली,” शार्शेननं जोड दिली. “तिच्या गुडघ्यांना बरं पडेल. मी येऊन जाऊन असेन. तळ्यावर मासे लागतात.”

बुरुलच्या हातातला बोरसोक हातातच राहिला. हे तिघांचं आधीच ठरलेलं होतं. कधी ठरलं, कुठे ठरलं, तिला कुणी विचारलं होतं का, याचा ती विचार करत होती, आणि तेवढ्यात तिची नजर मीरिमच्या हाताकडे गेली. मीरिमचे डोळे फोनवर होते आणि किटलीची चोच तुर्दुकानच्या पियाल्यावर होती. चहा वर चढत गेला. अर्धा झाला, पाऊण झाला, काठाला भिडला. मीरिमनं तो काठोकाठ भरलेला पियाला दोन्ही हातांनी, मान लववून, म्हातारीसमोर ठेवला.

पाहुण्याला पियाला जेमतेम तळ झाकेल इतका भरून द्यायचा, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागेल आणि पुन्हा पुन्हा आपण ओतू. बस, हलू नकोस, असा त्याचा अर्थ. भरलेला पियाला म्हणजे एवढा पी आणि ऊठ. हे तिथे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि इथे तर ती बाई स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलाशी बसली होती आणि घर विकत घ्यायला आलेल्या सुनेनं तिला दाराची वाट दाखवली होती.

एका हसण्याचं काम होतं. ‘अगं वेडे, डोळे कुठे आहेत तुझे’ एवढं बुरुल म्हणाली असती, तो पियाला स्वतःकडे ओढून दुसरा थोडासा भरून दिला असता, तरी सगळे हसले असते आणि विषय तिथेच मिटला असता. तिनं तोंड उघडलंही. मग मिटून घेतलं. तुर्दुकाननं पियाल्याकडे पाहिलं, मग मान उचलून बुरुलकडे पाहिलं. चहाला हात न लावता तिनं तळवे चेहऱ्यावरून फिरवले, ओमीन म्हणाली, म्हणजे बैठक संपली, आणि सगळे उठले. परतीच्या वाटेवर गाडीत अदिलेत शीळ घालत होता. किती साधी बाई आहे, किती लवकर आटपलं, असं तो दोनदा म्हणाला.

आता फोन आला होता आणि घर गेलं होतं. म्हणजे बुरुलला जे हवं होतं तेच झालं होतं. रात्री गादीवर पडल्यावर तिनं स्वतःला तसं सांगूनही पाहिलं. पण डोळे मिटले की तिला तो भरलेला पियाला दिसायचा, त्यावर धरत चाललेली दुधाची साय दिसायची, आणि त्याच्या पलीकडे म्हातारीचे डोळे. सून चारचौघांत चुकली तर सुनेला कुणी विचारत नाही, सासूकडे बघतात. तुर्दुकाननं बघितलं होतं आणि सासू गप्प बसली होती. घर मिळो न मिळो, त्या बाईला तिच्याच घरात असं बसवून ठेवून येणं बुरुलच्या गळी उतरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी शार्शेन पाव आणायला गेला, अदिलेत आयपेरीला शाळेत सोडायला गेला. मीरिम घाईघाईनं कपबश्या विसळत होती. बुरुल बोरसोक पिशवीत भरत होती.

“कुठे चाललात, आपा?”

“कराकोलला. सकाळच्या मिनीबसनं.”

मीरिमचा चेहरा उजळला. “तिला समजवायला? तुमचं ऐकेल ती. पत्र्याचं काय ते आम्ही बघून घेऊ म्हणावं.”

“पत्र्याचं नाही ते.” बुरुलनं पिशवीची गाठ मारली. “तू तिला पियाला काठोकाठ भरून दिलास.”

मीरिमचा हात नळाखाली तसाच राहिला. पाणी कपातून वाहायला लागलं. आठवायला तिला वेळ लागला आणि आठवलं तसा तिचा रंगच उतरला. ती शहरात वाढली असली तरी तिची आजी डोंगरातल्या नारीनची होती, यातलं तिला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. कुणीतरी कर्जाच्या कागदावरून सारखं विचारत होतं, मी बघितलंच नाही, असं ती पुटपुटली. मग नळ बंद करून तिनं सासूकडे पाहिलं.

“तुम्ही बघितलं होतं?”

“बघितलं.”

“मग बोलला का नाहीत?”

बुरुलनं कोट चढवला, रुमाल बांधला. सुनेचा प्रश्न रास्त होता आणि तिच्या आवाजात भांडण नव्हतं, म्हणून तो जास्तच लागला.

“तेच सांगायला चाललेय तिला,” ती म्हणाली.

मीरिमनं हात पुसले. दारापर्यंत आली, पिशवी उचलून दिली आणि एकदम, जणू पुन्हा बोलायची संधी मिळणार नाही अशा घाईनं म्हणाली, “मला ते घर स्कीसाठी नकोय, आपा. मला अजून नीट वळतासुद्धा येत नाही. तिथे एक खोली असेल, तिचं दार मला आतून लावता येईल. लग्न झाल्यापासून मी एकटी आहे, मागे कुणी नाही, असं एकदाही झालेलं नाही. तुमच्याबद्दल नाही म्हणत मी.”

“माझ्याबद्दलच म्हणतेयस,” बुरुल म्हणाली. पण तिच्या कपाळाला आठी नव्हती. “चल, तुला उशीर होतोय.”

मिनीबसमध्ये खिडकीची जागा मिळाली. तळ्याच्या कडेकडेनं गाडी तासन् तास जात राहिली. निळं पाणी एका बाजूला, दुसऱ्या बाजूला पिवळी पडलेली जर्दाळूची झाडं. सुनेला दार हवं होतं. इतकी वर्षं एकाच ओट्यावर दोघी भाजी चिरत होत्या आणि सुनेला काय हवं ते तिला ठाऊक नव्हतं. सुनेला तरी तिचं कुठे ठाऊक होतं? तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. तिला वाटायचं, दिसत असेल.

तुर्दुकान अंगणातच होती. कोळशाची गाडी नुकतीच येऊन गेली होती आणि फाटकासमोर काळा ढीग पडला होता. म्हातारी बादली भरत होती. तिनं मान वर केली, बुरुलला पाहिलं, या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. बुरुलनं पिशवी पायरीवर ठेवली, कोट काढून कठड्यावर टाकला, दुसरी बादली घेतली आणि ती भरायला लागली. दोघींनी ढीग शेडमध्ये नेला. वर डोंगरावर पहिला बर्फ उतरला होता. रोपवे तपासायला सुरू केला असावा, रिकामे पाळणे एकामागोमाग चढत होते आणि तसेच रिकामे खाली येत होते.

“तुझे गुडघे दुखतात म्हणाला ना तुझा नवरा,” तुर्दुकान शेवटची बादली ओतताना म्हणाली.

“हवेनं बरे होणार आहेत, एजे,” थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी बुरुल म्हणाली.

म्हातारी नाकातून हसली. तिनं बुरुलच्या हातावर पाणी घातलं आणि आत नेलं.

बोरसोक मांडले, बुरुलनं आणलेला नवा रुमाल म्हातारीच्या खांद्यावर टाकला. या वेळी तुर्दुकाननं किटली स्वतःकडे ठेवली. पियाल्यात इतका कमी चहा ओतला, की तळाचं फूल दिसत राहिलं.

“तुझी सून बँकेत आहे ना?” तिनं विचारलं. “तिथेही लोकांना अशीच लवकर वाटेला लावते?”

“तिचे डोळे फोनमध्ये होते. रडकुंडीला आली होती ऐकल्यावर. तिच्या मनात काही नव्हतं, एजे.”

“ते मला ठाऊक आहे. आजकालच्या पोरींचे डोळे फोनमध्येच असतात, त्यांच्यावर काय रागवायचं? राग मला तुझा आला.” तुर्दुकाननं पियाला परत घेतला, पुन्हा तळापुरता भरला. “तू बघत होतीस. तू बघितलंस, तोंड उघडलंस आणि मिटलंस. मला वाटलं, ही बाई सुनेकडून मला उठवतेय. अजून घर हातात आलं नाही तर ही तऱ्हा.”

बुरुलनं पियाला खाली ठेवला. इथवर येईपर्यंत सांगायची वाक्यं तिनं नीट जुळवून ठेवली होती, आता त्यातलं एकही आठवेना.

“मला तुमचं घर नको होतं,” ती म्हणाली. “म्हणून गप्प बसले. मोडलं तर मोडू दे, असं वाटलं. तुम्हाला काय वाटेल याचा विचार मी नंतर केला. तोवर तुम्ही ओमीन म्हणून मोकळ्या झाला होतात.”

“घरात काय वाईट आहे?”

“काही नाही. घर चांगलं आहे. चूल आहे.”

तुर्दुकाननं चुलीकडे पाहिलं, मग बुरुलकडे. आणि मग ती अशी हसायला लागली, की तिला डोळे पुसावे लागले. “अगं, मी तरी का विकतेय? या बयेपायीच. सून म्हणून या घरात आले त्या सकाळी सासूनं हातात फावडं दिलं, ते अजून हातातच आहे. नवरा वर रोपवे चालवायचा, मस्त पाळण्यात बसून कामावर जायचा. मी खाली कोळसा घालायची. आता मुलगी म्हणते, आपा, बिश्केकला ये. तिचा सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे. तिथे म्हणे भिंत आपोआप तापते.”

“भिंत नाही. खिडकीखाली लोखंडाचा रेडिएटर असतो. त्यातून गरम पाणी फिरतं.”

“आणि ते पाणी कोण तापवतं?”

“माहीत नाही,” बुरुल म्हणाली. “कधी विचारलंच नाही. कुणीतरी दुसरं तापवतं.”

तुर्दुकाननं ते वाक्य तोंडातल्या तोंडात पुन्हा म्हणून पाहिलं. मग तिनं किटलीत आणखी पाणी घातलं आणि बुरुल रेडिएटरबद्दल सांगत बसली. ओले मोजे त्यावर कसे वाळतात, कणकेचं भांडं टेकवून ठेवलं की पीठ कसं फुगतं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला पाणी सोडतात तेव्हा सगळ्या इमारतीतून कसा खडखडाट होतो. इतकं कौतुकानं ऐकणारं माणूस तिला आजवर भेटलं नव्हतं. चहा येत राहिला, थोडा थोडा. बाहेर ऊन डोंगरामागे गेलं तेव्हा परतीची मिनीबस सुटून गेल्याचं दोघींच्या लक्षात आलं.

सकाळी बुरुलला सवयीनं अंधारात जाग आली. म्हातारी अजून पांघरुणात होती. बुरुल उठली, राख काढली, ढलप्या रचल्या आणि एका काडीत चूल पेटवली. हात काहीच विसरलेले नव्हते. त्याचं तिला कौतुक वाटलं नाही. जाळ धरेपर्यंत ती उकिडवी बसून राहिली आणि उठताना गुडघ्यांनी तिला जे सांगायचं ते सांगितलं.

“एक विचारायचं होतं,” तुर्दुकान उठून बसल्यावर ती म्हणाली. “घर बंद ठेवलं तर खरंच नळ फुटतात?”

“पाणी आत ठेवलंत तर फुटणारच. काढून टाकलंत तर कशाला फुटतील?” म्हातारीनं तिला तळघरात नेलं. बॅटरीच्या उजेडात, बटाट्यांच्या पोत्यामागे, पितळी नळ होता. “मुलाकडे मॉस्कोला गेले होते तेव्हा महिनाभर घर बंद होतं. हा बंद करायचा, तो खालचा उघडायचा, सगळं पाणी जातं. आलं की उलटं करायचं. चूल पेटवायची आणि घर तापेपर्यंत अर्धा दिवस कोट घालून बसायचं. मला या वयात ते जमत नाही. तुझी पोरं तरुण आहेत, कुडकुडतील आणि तेही छान वाटतं म्हणतील.”

“आम्ही आलो तेव्हा का नाही सांगितलंत हे?”

“मी विचारलं कोण राहणार. तुझा लेक म्हणाला, आपा राहील. तू बोलली नाहीस. मला वाटलं, तुला आवडत असेल.”

बुरुलनं तो पितळी नळ एकदा बंद करून, एकदा उघडून पाहिला. सोपा होता. आयपेरीनंही फिरवला असता.

निघताना तुर्दुकाननं रीतीप्रमाणे तिला पाव पुढे केला आणि बुरुलनं त्याचा तुकडा मोडून तोंडात टाकला. घर तुझ्याच पोरांना देईन, पण टेप पुन्हा आणू नको म्हणावं, असं म्हातारीनं फाटकातून ओरडून सांगितलं.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा जिन्यातच खडखडाट ऐकू आला. पाणी सोडलं होतं. कोट न काढताच तिनं बाहेरच्या खोलीतल्या रेडिएटरवर हात ठेवला. अजून कोमटच होता, पण येत होता.

टेबलाशी सगळे वाट बघत होते. शार्शेननं तिच्यासाठी मधली जागा रिकामी ठेवली होती, असं तो सहसा करत नसे. अदिलेत खुर्चीच्या कडेवर बसून पाय हलवत होता. काय झालं, काय म्हणाली, असं त्यानं ती बसायच्या आत विचारलं. मीरिमनं त्याला कोपरानं ढोसलं, आधी चहा घेऊ दे म्हणाली, आणि किटली उचलली. तिचा फोन कुठेच दिसत नव्हता. तिनं सासूच्या पियाल्यात इतका जपून चहा ओतला, की तळ जेमतेम ओला झाला.

“याला चहा म्हणायचं की औषध?” शार्शेननं विचारलं.

बुरुलनं एका घोटात तो संपवला आणि पियाला परत पुढे केला. मीरिमनं पुन्हा भरला, तेवढाच. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आत आयपेरी मोठ्यानं पाढे म्हणत होती.

“ती घर देतेय,” बुरुल म्हणाली.

अदिलेतनं टेबलावर हात आपटला. मला माहीत होतं, मी म्हणत होतो ना, आपा गेली की काम होणार, असं तो बापाला सांगायला लागला. शार्शेननं लगेच माशांचा विषय काढला. मागच्या खोलीत गरम राहील, तू तिथेच झोप, कोळसा मी एकदम मागवून ठेवतो, म्हणजे तुला सारखं बघावं लागणार नाही, असं तो म्हणत होता. बुरुलनं त्याला पुरतं बोलू दिलं. मग पियाला खाली ठेवला.

“तळघरात एक नळ आहे. रविवारी निघताना पाणी काढून टाकायचं, शुक्रवारी गेलं की सोडायचं. अदिलेत, तुला तुर्दुकान एजे दाखवेल, तिच्यासमोर टेप काढू नकोस. मागच्या खोलीला आतून कडी बसवायची, ती मीरिमची खोली. अहो, तुम्हीही जायचं, मासे तिकडेच आहेत. चूल कुणी पेटवायची ते तुम्ही आपसात ठरवा.”

“आणि तू?” शार्शेननं विचारलं.

“मी मार्चमध्ये एकदा येईन, पाहुणी म्हणून. हिवाळ्यात मी इथे राहणार आहे.”